लाकडी टाईप नको

आजवर मी मनापासून अशी दोनच पोस्टरं केली. पहिल्यानं माझा खोलीतला जोडीदार घालवला आणि दुसऱ्यानं तो परत यायची उरलीसुरली शक्यता घालवली. बाकी जन्मभर मालकांच्या सांगण्यावरून छापत आलो. त्यात कुणाचं काही वाईट झाल्याचं ऐकलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला रविवार कारंज्याच्या मागच्या बोळात एका छापखान्यात कंपोझिटर होतो, म्हणजे खिळे जुळवायचो. पण शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झालो होतो, त्यामुळं मी स्वतःला कलाकार समजायचो. मालकांना हे ठाऊक होतं. काही चुकलं की ते मला 'कलाकार' म्हणूनच हाक मारायचे. बरं काम झालं तर नावानं.

छापखान्याच्या सगळ्यात खालच्या खणांत लाकडी टाईपचा एक संच पडून होता. मालकांच्या वडिलांनी कुठूनसा आणलेला. अक्षरं मधल्या बोटाएवढी उंच आणि करंगळीहून जराशीच रुंद. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसल्यावर माणसं जशी अंग चोरून बसतात, तशी दिसायची. कुस्त्यांच्या पोस्टरांसाठीच तो संच आणला असावा, कारण पैलवानांच्या पदव्या लांबलचक असतात आणि कागद अरुंद असतो. वर्षानुवर्षं शाई खाऊन, रॉकेलनं पुसून घेऊन आणि खणात आपटून ती अक्षरं पार झिजली होती. 'प'चा वरचा कोपरा उडालेला. 'र'च्या पोटात किड्यानं पाडलेलं भोक. शिरोरेघा जागोजागी तुटलेल्या. छापल्यावर मजकुरात पांढरे ओरखडे उमटायचे, जणू पोस्टर चार पावसाळे भिंतीवर काढून आलंय.

मला ती अक्षरं बेहद्द आवडायची. हल्ली अशी झिजलेली, दाटीवाटीची अक्षरं कंप्युटरवर मुद्दाम तयार करतात म्हणे, आणि ती वापरण्याचे नियमही असतात. आजूबाजूला जागा सोडा, एखादाच शब्द घ्या, लांब मजकूर त्यात लावू नका. माझ्याकडं नियम नव्हते, उत्साह होता. पिंपळगावच्या एका बागाईतदाराच्या द्राक्षपेटीचं लेबल मी त्यात जुळवलं. तो म्हणाला, "भाऊ, द्राक्षं ताजी हायेत आमची." एका साखरपुड्याची पत्रिकाही लावली होती. तिचं प्रूफ मालकांनी माझ्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकलं. "शुभकार्यात खंडित अक्षर? कलाकार, तुझ्या घरी देव्हाऱ्यात फुटकी मूर्ती ठेवतात काय रे?"

माझ्या घरी देव्हारा नव्हता. घरही नव्हतं. पंचवटीत एका चाळीतली दहा बाय दहाची खोली होती आणि त्या खोलीत एक जोडीदार होता.

तो बागलाणातल्या नामपूरचा. एका कांदा व्यापाऱ्याच्या गोदामात कारकून. दिवसभर गोण्या मोजायच्या आणि दर गोणीला वहीत बरोबरची खूण करायची, हे त्याचं काम. त्याच्या खुणेचं शेपूट फार लांब असायचं, वरच्या ओळीत घुसायचं. घरीसुद्धा दूधवाला आला की कॅलेंडरवर तीच शेपटी. अंगानं इतका बारीक की त्याचा सदरा दोरीवर वाळत असला काय आणि त्याच्या अंगात असला काय, मला लांबून फरक कळायचा नाही. म्हणून मी त्याला 'पैलवान' म्हणायचो. तो मला 'भो' म्हणायचा. मी कामावरून आलो की स्टोव्हपुढून मान न वळवता विचारायचा, "जेवना का भो?"

मी जेवलेलो नसायचो हे त्याला माहीत असायचं, कारण खिचडी त्याच्यासमोर रटरटत असायची. तरी रोज विचारायचा. आपल्याला कुणी रोज एकच प्रश्न विचारतं याची किंमत मला तेव्हा कळली नाही. मी रोज एकच उत्तर द्यायचो, "हो, राजवाड्यात."

एकदा, लाईट गेलेली असताना, त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले मल्ल. गावच्या यात्रेत मोठ्या कुस्त्यांच्या आधी लहान पोरांच्या कुस्त्या लावतात, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या देतात. हा दहा-बारा वर्षांचा असताना वडिलांनी याला लंगोट बांधून त्यात उतरवलं. समोरच्या पोरानं मांडीवर थाप मारली आणि हा पळाला. गर्दीतून, लोकांच्या पायांमधून, थेट घरी. मागं सगळं मैदान हसत होतं. वडील फेटा बांधून पंचांच्या शेजारी बसले होते. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत.

"ते बोलले असते ना भो, तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "कोनाले सांगू नको."

मी म्हणालो, "छे."

मी सांगितलं नाहीच. मी छापलं.

महिनाभरानं छापखान्यात एका यात्रेच्या पोस्टरांचं काम आलं होतं. लाकडी टाईप बाहेर काढलेला, शाई लावलेली, मालक जेवायला गेलेले. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पाच मिनिटांत ओळी जुळवल्या आणि गुलाबी कागदावर एकच प्रत काढली:

जंगी कुस्ती!
नामपूरचा पळपुटा वाघ
पुन्हा आखाड्यात
इनाम मूठभर रेवड्या

काय सुरेख उठलं होतं म्हणून सांगू! 'पळपुटा'मधल्या दोन्ही 'प'चे कोपरे उडालेले, त्यामुळं शब्दच पळत सुटल्यासारखा दिसत होता. अशी मांडणी पुन्हा मला साधली नाही. सकाळी कामावर जाताना मी ते त्याच्या गोदामाच्या दारावर खळीनं चिकटवलं आणि शीळ घालत निघून गेलो. माझी कल्पना अशी, की तो पाहील, फाडील, घरी येऊन मला दोन शिव्या देईल आणि मग आम्ही दोघं हसू.

गोदामात हमाल आधी पोचतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर आलो तर त्याची ट्रंक नव्हती. दोरीची अर्धी बाजू मोकळी होती. स्टोव्ह पुसून ठेवलेला. पातेल्यावर ताटली झाकलेली. उघडून पाहिलं तर खिचडी, माझ्या वाटणीची. गेला, पण माझं जेवण करून गेला. मी ती खाल्ली हेही सांगून टाकतो. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी गोदामात विचारायला गेलो. एक हमाल म्हणाला, "पैलवान? त्यानं काम सोडलं की. आम्ही दिवसभर विचारत होतो, कुस्ती कधी हाय, कुस्ती कधी हाय. दुपारी वही ठिवली आन गेला." मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "पर ज्यानं कुनी छापलं, लय भारी छापलं."

आयुष्यात माझ्या कलेची मिळालेली ही पहिली दाद.

घरी गेला असेल म्हणून मी रविवारी सटाण्यावरून नामपूरची गाडी पकडली. त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही, मल्लाचं घर कुणीही दाखवतं. वडील ओट्यावर बसलेले होते. एवढाले खांदे, आणि कान कुस्तीत मोडून मोडून आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले. मी वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती. खोलीतला जोडीदार म्हणून ओळख सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"मना पोऱ्याना दोस्त!" ते घरात ओरडले, "चहा टाका वं!" आणि मला म्हणाले, "पोऱ्या कसा शे? या खेपेले का बरं नाही आला?"

म्हणजे तो घरी आलेलाच नव्हता. आता खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"बरा आहे, बाबा," मी म्हणालो. "काम फार आहे सध्या."

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाच-सहा किलो कांदे. "त्याले दे," म्हणाले. "त्यानी मायनी आठवन करीसन दियात म्हना." ती पिशवी मी सहा तास मांडीवर घेऊन परत आलो. भाकरी दोन दिवसांत कडक व्हायला लागल्या, मग मीच खाल्ल्या. कांदे खायचा धीर झाला नाही. ते फळीवर राहिले आणि थोड्या दिवसांनी त्यांना हिरवे कोंब फुटले.

या गोष्टीतला मी आता थोडा विचित्र वागायला लागलो होतो. रोज खोलीचं दार उघडताना मी क्षणभर थांबायचो, म्हणजे आत कुणी असलंच तर प्रश्न विचारायला त्याला वेळ मिळावा. खिचडी करायला शिकलो, पण प्रमाण दोघांचंच ठाऊक. उरलेली सकाळी खायची. चाळीतल्या नळावर लोक विचारायचे, "पार्टनर दिसत नाही?" मी म्हणायचो, "गावी गेलाय." गावी सांगितलं होतं, नाशिकला आहे. अशा रीतीनं मी त्याला दोन्ही ठिकाणी सुखरूप ठेवलं होतं. तो कुठं आहे एवढंच माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांना कुठूनतरी कळण्याआधी तो सापडायला हवा होता.

मग गोदामातल्या त्याच हमालानं सांगितलं, की तो लासलगावला कुठल्याशा आडतीवर गोण्या मोजतो असं कानावर आलंय. मी लासलगावला गेलो. बाजार समितीत लिलाव चाललेला, जिकडं पाहावं तिकडं ट्रॅक्टर. मी एकाला विचारलं, "नामपूरचा एक बारीक माणूस आहे का इथं?"

"बारीक?" तो म्हणाला. "जाडा शोध भाऊ, लवकर सापडंल. इथं व्यापारी सोडून सगळे बारीकच हायेत."

अजून चार ठिकाणी विचारता आलं असतं. विचारलं नाही. खरं कारण असं की तो समोर भेटला असता तर मी काय बोललो असतो? हातात कागद असला की मी शूर, समोर माणूस असला की नामपूरच्या ओट्यावरचा मी. म्हणून एसटीत परत येताना ठरवलं, आपण कलाकार आहोत, आपण पोस्टर करू.

एका सुट्टीच्या दिवशी मालकांची परवानगी काढून मी एकटाच छापखान्यात बसलो. मोठ्या अक्षरांचा टाईप तो एकच. पण त्या संचातली बरीच अक्षरं इतक्या वर्षांत हरवली होती. 'माफ कर' लावायला गेलो तर 'फ' नव्हता. 'क्षमा' म्हणावं तर 'क्ष' कधीच नव्हता, कुस्तीच्या पोस्टरात क्षमेचं काय काम? 'झ' मात्र ठणठणीत दोन होते, कारण झुंज दर यात्रेला लागते. असं करत करत, खणात जे होतं त्यातून माझी माफी तयार झाली:

नामपूरच्या पैलवाना
परत ये!
चूक माझी
खोली तीच

नाव घातलं नाही, त्याची पुन्हा शोभा नको म्हणून. पन्नास प्रती काढल्या. कागद कुठला? गुलाबी. दुसरा शिल्लक नव्हता. पुढच्या सुट्टीला पहाटेच्या गाडीनं जाऊन लासलगावच्या बाजाराच्या भिंती, रेल्वेच्या मालधक्क्याकडचा रस्ता, चहाच्या टपऱ्या, जिथं जागा दिसेल तिथं चिकटवली. शेवटचं लावलं त्या टपरीवर चहा घ्यायला बसलो. टपरीवाल्यानं डोळे बारीक करून पोस्टर वाचलं.

"कधी हाय?" त्यानं विचारलं.

"काय कधी?"

"खेळ. 'चूक माझी'. तमाशा हाय का नाटक?"

बाकावरचा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाटकच असंल. 'खोली तीच' म्हंजे काहीतरी भानगडीचं दिसतंय."

"अन पैलवान कोन झालाय?"

"अरे, गावाचं नाव घातलं, तारीख नाय, वेळ नाय. छापनारा येडा हाय." मग माझ्याकडं वळून, "काय हो, तुम्हाला काय वाटतं?"

"येडाच आहे," मी म्हणालो.

ते हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझी नजर पोस्टरवर गेली, माझ्याच हातच्या, पण आता लांबून, रस्त्यावरच्या माणसासारखी. तोच गुलाबी कागद. तीच उंच, चेंगरलेली, ओरखडलेली अक्षरं. 'पैलवाना'तला 'प', कोपरा उडालेला, तोच, जो 'पळपुटा'त होता. त्यानं हे पाहिलं तर तो पहिला शब्द वाचायच्या आधीच समजेल की खोलीवरचा भो पुन्हा आपली थट्टा करतोय, आणि या वेळी सगळ्या बाजारासमोर. वर मी त्याला हाक कुठल्या नावानं मारली होती? पैलवान!

चहा टाकून उठलो आणि लावलेली पोस्टरं काढत सुटलो. ओली होती ती निघाली, वाळलेली नखांनी खरवडली. मालधक्क्याकडची बरीचशी बकऱ्यांनी खाल्ली होती, खळ पिठाची होती ना. एका रखवालदारानं हटकलं, "ए, कुनाची जाहिरात फाडतो?" मी म्हणालो, "माझीच." त्याचा विश्वास बसला नाही. एकूण मोजली तर काही कमी भरत होती. बकऱ्यांनी किती खाल्ली आणि माणसांनी किती वाचली, ते कळायला मार्ग नव्हता.

मालकांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. बोटं सुजलेली पाहून त्यांनीच विचारलं होतं. त्यांनी उरलेलं एक पोस्टर हातात धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, फाडतील.

"ही अक्षरं ओरडतात रे," ते म्हणाले. "कुस्तीला ओरडावं लागतं. असं ओरडून कुणी माफी मागतं का?" आणि नावानं हाक मारून म्हणाले, "पोस्टकार्ड मिळतं पोस्टात."

पत्ता कुठं होता?

चैत्राच्या आधी, यात्रांची कामं सुरू झाली तेव्हा, एके दिवशी छापखान्याच्या दारात अंधार झाला. वर पाहिलं तर ते आल्याच्या गड्ड्यासारखे कान. माझ्या हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली पडली आणि जुळवलेल्या दोन ओळी फरशीवर विखुरल्या. मी खाली वाकून खिळे गोळा करत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"ऊठ भाऊ," त्याचे वडील म्हणाले. "पोऱ्या घर उना मना. दिवाळीपासून घरीच शे. नामपूरच्या मार्केटमधे लागला."

"बाबा, मी तेव्हा खोटं..."

"माहीत शे. त्यानी सांगं सर्व." ते बाकावर बसले, बाक करकरला. "बारा वर्सांचं पोर, पळी गयं तं काय व्हयनं? मी तं इसरी गयतू. तो एवढी वर्सं धरी बसना." त्यांनी मान हलवली. "अन तू छापी टाकं."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गावच्या यात्रेच्या कुस्त्यांचं पोस्टर छापायचं होतं. सटाण्याला छापखाने असताना एवढ्या लांब कशाला आलात, असं विचारलं तर म्हणाले, "त्यानीच सांगं, तथाच जाय."

मजकूर त्याच्याच अक्षरातला होता. लढतींची यादी नीट, एकाखाली एक, प्रत्येक जोडीपुढं त्याची ती लांब शेपटीची खूण. मी माझ्यासाठी काही लिहिलंय का ते शोधलं. होतं. वरच्या कोपऱ्यात, कंपोझिटरला सूचना लिहितात तिथं, तीन शब्द: लाकडी टाईप नको.

मी तो मजकूर शिशाच्या चौकोनी, गुळगुळीत टाईपात जुळवला. फार अवघड गेलं. तो टाईप उंचीला कमी पण ऐसपैस, एकेक पदवी दोन-दोन ओळी खायची, 'विरुद्ध' भलतीकडंच जाऊन बसायचा. मालक दोनदा येऊन म्हणाले, "अरे, कुस्तीला लाकडी लाव, एका ओळीत बसेल." मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला नकोय." दिसायला ते पोस्टर शाळेच्या वेळापत्रकासारखं झालं, पण अक्षर न अक्षर सरळ आणि धड होतं.

प्रूफ तपासायला नामपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचं ठरलं होतं. पाकिटात घालण्याआधी मी ते उलटं केलं आणि पाठीमागं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं: जेवना का?

चौथ्या दिवशी सीबीएस स्टँडवर गाडी लागली आणि कंडक्टरनं पाकीट दिलं. तिथंच, फलाटावर, लोकांच्या गाठोड्यांमध्ये उभा राहून मी ते उघडलं. समोरच्या बाजूला चार दुरुस्त्या होत्या, चारही माझ्या चुका. मग उलटून पाहिलं. माझ्या दोन शब्दांपुढं एक बरोबरची खूण होती. शेपूट एवढं लांब की कागदाच्या कडेबाहेर गेलेलं. आणखी काही नाही. तो प्रश्न त्यानं मला परत विचारला नव्हता.

मी खोलीवर आलो. खिचडी टाकली, दोघांची झाली. सकाळी छापखान्यात जाऊन चारही चुका दुरुस्त केल्या, पोस्टरं छापली आणि संध्याकाळच्या गाडीत गठ्ठा चढवून दिला. गाडी फलाटावरून हलेपर्यंत मी तिथंच उभा होतो. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "काय हो, अजून काही द्यायचंय का?"

मी म्हणालो, "नाही, एवढंच."